एक बंदूक, दोन नळ्या

अमेरिकेतल्या खेड्यात बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की काउंटरमागचा माणूस आधी किंमत सांगत नाही. तो विचारतो, "कशासाठी हवी?" हरणासाठी, टर्कीसाठी, बदकासाठी, सशासाठी, की नुसती भिंतीवर टांगायला? उत्तर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. नळी किती लांब, आतून गुळगुळीत की पीळ पाडलेली, तोंडाशी मोकळी की आवळलेली, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या पोटात असतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात हा प्रश्न कुणी विचारत नसे. बंदूक कशासाठी हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डुकरासाठी! भात पोटरीला आलं की रानडुकरं रात्री खाचरात उतरायची, नि सकाळी बघावं तर अर्धं खाचर लोळवलेलं. म्हणून काकांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि माजघरात खुंटीला ठासणीची बंदूक होती. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, मग छरे किंवा गोळी, वर पुन्हा चिंधी, नि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. नळी एकच, बदलायचा तो बार. कवड्यांसाठी बारीक छरे, डुकरासाठी शिशाची गोळी. काका म्हणायचे, "नळीला काय कळतंय? तुम्ही पोटात घालाल ते ती तोंडानं ओकते."

काकांचं हे म्हणणं मला पुष्कळ वर्षांनी ओहायोत आठवलं. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की नळीलाही कळतं. तिला जनावर कळतं, जमीन कळते, एवढंच नव्हे तर शेजाऱ्याचं घर किती लांब आहे तेही कळतं.

माझं आयुष्य लेथवर गेलं. १९८९ मध्ये मी ओहायोत आलो तो एका यंत्रशाळेत सुटे भाग बनवायला. शहरात दहा वर्षं काढली आणि मग राज्याच्या आग्नेय भागात, होकिंग नदीच्या खोऱ्यात, बारा एकर जमीन घेतली. अर्धी डोंगरउताराची, झाडीची. अर्धी नदीकडे उतरणारी सपाट. तिथे मी वाल, भेंडी, मका, लाल भोपळा लावू लागलो. मुंबईतले नातेवाईक फोटो बघून म्हणायचे, "अरे, हे तर कोकणच!" कोकणच होतं. कारण तिसऱ्या वर्षी जून महिन्यात एका रात्रीत वालाचे सगळे वेल देठापासून खुडलेले दिसले. चिखलात खुरांचे ठसे होते. डुक्कर नव्हतं, हरीण होतं. पांढऱ्या शेपटीचं हरीण, तिथल्या गाववाल्यांच्या भाषेत नुसतं 'शेपटी'.

मी कुंपण आठ फूट केलं. साबणाच्या वड्या टांगल्या, माणसांचे केस पसरले, रेडिओ लावून ठेवला. हरणं रेडिओ ऐकत वाल खायची. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याची नदीकाठची जमीन माझ्या जमिनीला लागून. सोयाबीन नि मका करायचा. वय तेव्हा साठी ओलांडलेलं. मी त्याला 'आजोबा' म्हणायचो. त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्याला तो आवडला होता. म्हणाला, "कुंपणाला खर्च केलास त्यात बंदूक आली असती. एक बंदूक घे, दोन नळ्यांची. एक नळी हरणाची, एक टर्कीची. हरणं वाल खातात, म्हणून हरीण खा. आणि टर्की फुकटात मिळते."

मला वाटलं दोन नळ्यांची म्हणजे दुनाली, आपल्याकडे खोत-इनामदारांच्या फोटोत मांडीवर असते तसली. तो हसला. दुनाली नव्हे. बंदूक एक, नळ्या दोन, आणि एका वेळी एकच लावायची. दुसरी कपाटात.

आता हे असं का, ते सांगतो. लेथवर काम केलेल्या माणसाला यातली गंमत लवकर समजते.

बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. टर्कीसाठी या नळीतून बारीक छरे सोडायचे असतात. पक्षी मोठा, दहा किलोच्या आसपासचा, पिसं दाट. अंगावर छरे मारून तो जखमी होऊन पळतो आणि कुठल्या तरी झुडपात जाऊन मरतो. म्हणून मारायचा तो डोक्यावर नि मानेवर, तेही ४० यार्डांच्या आत. डोकं अक्रोडाएवढं. तेव्हा छऱ्यांचा घोळका फाकून चालत नाही. त्यासाठी नळीचं तोंड किंचित आवळतात. त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोकसाठी तोंड जेमतेम ०.९ मिलिमीटरने लहान केलेलं असतं. पण तेवढ्यावर ४० यार्डांवरच्या ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे पडतात. टर्कीचे खास चोक त्याहून आवळ.

हरणाची गोष्ट उलटी. तिथे छरे नकोत, एकच जड गोळी हवी. तिला स्लग म्हणतात. बारा बोअरचा नेहमीचा स्लग एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके याने १८९८ मध्ये एक चांगला स्लग काढला. अमेरिकेत १९३१ च्या सुमारास कार्ल फॉस्टर याने मागून पोकळ असलेला स्लग केला. वजन पुढे, पोकळी मागे, त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा तो नाक पुढे ठेवूनच जातो. पुढे नळीलाच आतून पीळ पाडला आणि प्लास्टिकच्या टोपणातला स्लग तिच्यातून फिरत सोडला, तेव्हा नेम शंभर यार्डांपर्यंत नि थोडा पुढेही पोचला. गुळगुळीत नळीत तो पन्नास-पाऊणशे यार्डांवरच डळमळतो.

आता या दोन्ही नळ्या एकमेकींचं काम करत नाहीत. पीळाच्या नळीतून छरे सोडले तर ते गरगरत बाहेर पडतात नि बांगडीसारखे फाकतात. मधे भोक, आणि टर्कीचं डोकं नेमकं त्या भोकात. टर्कीच्या आवळ तोंडातून स्लग सोडणं तर जिवावरचं. तोंड फाटू शकतं. काकांची नळी सगळं ओकायची, कारण तिला ना पीळ होता, ना चोक. ती सगळी कामं करायची नि म्हणून कुठलंच फार चांगलं करत नव्हती. वीस पावलांवर डुक्कर आलं तर ठीक.

"मग दोन बंदुकाच का घेऊ नये?" मी विचारलं.

"घे की. पैसे असतील तर घे," आजोबा म्हणाला. "पण पहाटेच्या अंधारात सेफ्टी कुठे आहे हे हाताला पाठ पाहिजे. एकच बंदूक असली की हात चुकत नाही. नळी बदलली तरी दस्ता तोच, चाप तोच, वजन तेच."

हे मला पटलं. आपल्या हातातली विळी दुसऱ्याच्या घरी वेगळी लागते, तसंच.

पण आजोबाने दोन जनावरांची नावं इतक्या सहज घेतली, त्याचं मला तेव्हा विशेष वाटलं नव्हतं. विशेष वाटलं ते पुढे एका संध्याकाळी. त्याच्या ओसरीवर बसलो होतो. पलीकडच्या कुरणात संध्याकाळची नऊ हरणं चरत होती. मी म्हटलं, "तुमच्या लहानपणी तर रान भरलेलं असेल." तो म्हणाला, "माझ्या लहानपणी इथे एकही हरीण नव्हतं. टर्कीही नव्हती. माझ्या बापाने जन्मात टर्की पाहिली नाही. मी शाळेत असताना कुणाच्या तरी मक्यात हरणाचा ठसा उमटला होता, तर अख्खा रस्ता तो बघायला गेला होता. आम्ही ससा नि खार मारायचो. तेवढंच होतं."

हे खरं आहे. ओहायोत १९०४ च्या सुमारास रानटर्की आणि हरीण दोन्ही संपले होते. संपवले होते, म्हणायला पाहिजे. जंगल तोडून शेती झाली, हे एक कारण. दुसरं कारण बाजार. रेल्वे झाली, बर्फाच्या पेट्या झाल्या, आणि रानातलं मांस शहरात विकण्यासाठी मारणं हा धंदा झाला. हंगाम नाही, मर्यादा नाही. १९०० च्या आसपास सगळ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं ५ लाखांच्या घरात उरली होती असा अंदाज सांगतात. आणि प्रवासी पारवा, ज्याच्या थव्यांनी आभाळ झाकलं जायचं म्हणतात, तो तर पार संपला. त्याची शेवटची मादी, मार्था, सप्टेंबर १९१४ मध्ये याच ओहायोतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्या शिकारीच्या हत्यारांत शॉटगनही होत्या. तेव्हा या बंदुकीचा इतिहास सांगताना मार्थाला वगळून चालत नाही.

मग वळण आलं. १९०० च्या लेसी कायद्याने चोरून मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आली. बाजारासाठीची शिकार हळूहळू बंद पडली. आणि १९३७ मध्ये, मंदीच्या दिवसांत, पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्याची कल्पना साधी होती. लांब बंदुका नि काडतुसं यांवर ११ टक्के कर घ्यायचा, तो कारखानदाराकडून, म्हणजे शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून. आणि तो पैसा राज्यांना द्यायचा, जनावरं नि त्यांची रानं परत उभी करण्यासाठी. शिकाऱ्यांनी या कराला विरोध केला नाही, उलट पाठिंबा दिला. रानच रिकामं असेल तर बंदूक घेऊन करणार काय, हा हिशेब त्यांना कळत होता.

हरणं तशी लवकर आली. पडीक पडलेल्या डोंगरउतारांवर झाडी वाढली होती, तिच्यात ती वाढली. ओहायोत १९४३ मध्ये दक्षिणेकडच्या मोजक्या तालुक्यांत पुन्हा हरणाची शिकार सुरू झाली. टर्कीने मात्र माणसाला रडवलं. पोल्ट्रीत वाढवलेली टर्की रानात सोडून बघितली. तिला ना भक्ष्य शोधता येई, ना कोल्ह्यापासून पळता येई. ठिकठिकाणी हा प्रयोग फसला. शेवटी १९५० च्या दशकात दाणे टाकून, त्यावर तोफेसारख्या नळकांड्यांनी जाळं उडवून खऱ्या रानटर्की धरायची युक्ती निघाली. जिथे थोड्या उरल्या होत्या तिथून धरायच्या, पेटीत घालायच्या, ट्रकने नेऊन नव्या रानात सोडायच्या. ओहायोत १९५६ पासून असं सुरू झालं. १९६६ मध्ये टर्कीचा पहिला हंगाम उघडला. आज सगळ्या देशात ६० लाखांच्या आसपास टर्की आहेत, आणि हरणं ३ कोटींच्या घरात.

टर्कीचा आपल्याशीही एक जुना धागा आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ती मेक्सिकोतून युरोपात नेली, पोर्तुगिजांनी पुढे आणली. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाच्या मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरातून ज्या अजब चीजा आग्र्याला आणल्या त्यात एक टर्की होती. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं आणि डोक्या-मानेचे रंग कसे बदलतात ते आपल्या आठवणींत लिहून ठेवलं. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात. हे मी आजोबाला सांगितलं, आणि आमच्याकडे पेरू म्हणजे झाडाचं फळ हेही सांगितलं. त्याला ते फार दिवस पुरलं. टर्कीचा आवाज आला की म्हणायचा, "तुझा पेरू बोलतोय."

तर जनावरं परत आली. पण ती आली तोवर जमीन बदलली होती. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या पट्ट्यात शेतं सपाट, घरं दाट, रस्ते सरळ. रायफलची गोळी चुकली तर मैलोन् मैल जाते. म्हणून या राज्यांनी हरणासाठी रायफल नको, शॉटगनच वापरा, असा नियम केला. स्लग जड, बोथट. लवकर वेग घालवतो, लवकर जमिनीवर येतो. ओहायोत हरणासाठी एकच गोळी, छरे नाहीत. टर्कीसाठी उलट. म्हणजे कायद्यानेच एका माणसाच्या हातात शॉटगन दिली आणि तिच्याकडून रायफलचं काम मागितलं. वर्षाच्या एका टोकाला रायफलसारखी, दुसऱ्या टोकाला तिच्या पिंडाप्रमाणे. या अडचणीतून दोन नळ्यांची बंदूक सर्रास झाली. ती कुणा शौकिनाची हौस नव्हती. एकच बंदूक परवडणाऱ्या शेतकऱ्याची ती सोय होती.

कारखान्यांनी ही सोय ओळखली. रेमिंग्टनने १९५० मध्ये ८७० नावाची पंपाची शॉटगन काढली. दट्ट्या मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकलायचा, नवं आत. पुढची टोपी हाताने फिरवून काढली की नळी सरळ हातात येते. पाना नको, स्क्रू ड्रायव्हर नको. ती १ कोटीहून जास्त खपली. १९५९ मध्ये इथाकाने खास स्लगसाठी केलेली नळी आणली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉसबर्गची ५०० आली, आणि पुढे तर एकाच खोक्यात एक बंदूक नि दोन नळ्या, हरणाची नि टर्कीची, अशी विक्री सुरू झाली. साड्यांच्या दुकानात ब्लाउजपीस जोडून देतात तसं.

मी दुकानात दोन्ही हाताळल्या. ८७० चा सांगाडा पोलादाचा, हाताला भारदस्त लागतो. लेथवाल्या माणसाला पोलाद आवडतंच. ५०० चा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, हलका. पण मी डावरा. ८७० ची सेफ्टी चापामागे आडवी, उजव्या बोटाच्या हिशेबाने. ५०० ची वर, दस्त्याच्या मानेवर, कुठल्याही हाताच्या अंगठ्याखाली. पहाटेच्या अंधारात हाताला पाठ पाहिजे, हे आजोबाचं वाक्य आठवलं नि मी ५०० घेतली. हरणाची नळी २४ इंची, आतून पीळ, वर नेम धरायचे काटे. दुसरी २८ इंची, गुळगुळीत, तोंडाशी आटे, म्हणजे चोक बदलता येतो.

कागद भरला, गुन्हे-नोंदीची तपासणी झाली, काही मिनिटांत बंदूक हातात. आपल्याकडे परवान्यासाठी तहसील नि ठाणं यांच्या फेऱ्यांत काकांच्या वहाणा झिजल्या होत्या, ते आठवलं. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तिथल्या कायद्याने बंदूक म्हणजे तिचा सांगाडा, ज्यावर नंबर कोरलेला असतो. नळी म्हणजे नुसता सुटा भाग. नांगराचा फाळ घ्यावा तशी घ्या. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रच. एका देशात नळी लोखंडी पाइप, दुसऱ्यात तीच गुन्हा होऊ शकते.

नळी बदलली की नेम तपासावा लागतो. ते आम्ही आजोबाच्या शेताच्या टोकाला, मातीचा उंचवटा पाठीशी धरून केलं. ५० यार्डांवर पुठ्ठा, एकेक स्लग, काटे थोडे डावीकडे, थोडे वर. खांद्याला निळा डाग पडला. टर्कीच्या नळीसाठी कागदावर डोक्या-मानेचं चित्र काढून ४० यार्डांवर लावलं, एक बार टाकला आणि छरे मोजले. चोक बदलला, पुन्हा मोजले. काडतूस बदललं, पुन्हा मोजले. प्रत्येक नळीला प्रत्येक काडतूस मानवत नाही. आजोबा म्हणायचा, "खोक्यावर लिहिलेलं वाचू नकोस, कागदावरची भोकं वाच."

हरणाचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. अंगावर भडक नारिंगी जाकीट सक्तीचं, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं म्हणून. बंदुकीत तीनच काडतुसं. दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी. त्या वर्षी मी माझ्याच जमिनीवर, वालाच्या मांडवाच्या वरच्या अंगाला, ओकच्या बुंध्याशी बसलो. दुसऱ्या दिवशी साडेसातला एक मादी खालून आली. चाळीस पावलांवर आडवी उभी राहिली. काटा खांद्यामागे टेकला नि मी चाप ओढला. ती साठ-सत्तर पावलं पळाली आणि पडली. जवळ गेलो तेव्हा डोळे उघडे होते. मी तिथे बराच वेळ उभा होतो. तिच्या पोटात निघाला तो मका, आजोबाच्या शेतातला.

बायकोने पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मारलंय तर वाया घालवू नका." तिने कांदा-खोबऱ्याचं वाटण केलं, मांस रात्रभर दह्यात मुरवलं. निम्मं मांस गावातल्या अन्नछत्राला दिलं. तिथे हरणाचं मांस नीट कापून, पाकिटं करून देण्याची रीत आहे. मुलीने मात्र खाल्लं नाही. ती विचारत होती, "बाबा, तुम्ही वालासाठी मारलंत की हौसेसाठी?" मी म्हटलं, वालासाठी. ते खरंच होतं. पण ओकच्या बुंध्याशी बसलो असताना, पहाट फुटताना, कान टवकारून ऐकताना मला जे वाटलं होतं ते वालापुरतं नव्हतं, हेही खरं. हे दोन्ही मी तिला सांगितलं. तिने मान हलवली. पटली की नाही ते मला आजवर कळलेलं नाही.

एप्रिलात नळी बदलली. दोन मिनिटांचं काम. टर्कीला रंग उत्तम दिसतात, म्हणून नारिंगी नाही, झाडीच्या रंगाचे कपडे. वसंतात दाढीवालाच पक्षी मारायचा. दाढी म्हणजे छातीवरचा केसांसारखा झुबका. आजोबाने लाकडी डबीवर मादीचा आवाज काढला. डोंगरावरून उत्तर आलं. ओढ्यापलीकडे नर पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत फिरू लागला. साठ यार्ड. तास गेला. तो साठचे पंचावन्न करीना. मग एक खरी मादी आली नि त्याला घेऊन गेली. आजोबा फार खूश होता. म्हणाला, "माझ्या बापाला एवढं दिसलं असतं तर त्याने वर्षभर सांगितलं असतं."

मी हे सगळं गावी थोरल्या दादाला फोनवर सांगायचो. काका गेल्यावर परवाना त्याच्या नावावर झाला होता. ठासणीच्या जागी एकनळी काडतुसी बंदूक आली होती. तिचा उपयोग आवाजापुरता. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने भेकर, सांबर, चितळ यांना संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. आमच्या रानातलं भेकर त्यानेच वाचलं. डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी पाहिजे. भरपाईसाठी पंचनामा, फोटो, अर्ज, उतारे. आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. निवडणुका तरी किती! ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. नेमकं भात तयार असतं तेव्हा बंदूक ठाण्याच्या कपाटात असते.

दादा एकदा म्हणाला, "तुझ्याकडे जनावर वाचवायला शिकारी पैसे भरतो. आमच्याकडे कोण भरतो ठाऊक आहे? मी भरतो. भाताने भरतो. त्याची पावती कोण देत नाय."

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही सुचत नाही. कोकणात शिकार सुरू करा असं मी म्हणणार नाही. मार्थाचं राज्य मी पाहिलेलं आहे; हंगाम नि मोजणी यांच्याशिवाय बंदूक सुटली की काय होतं ते तिथल्या मातीत लिहिलेलं आहे. तिथली जनावरं बंदुकीने परत आली नाहीत. ती परत आली हिशेबाने. किती आहेत, किती मारायची, कुठे, कधी, कुठल्या नळीने, आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे लिहून ठेवल्याने. माझ्या दोन नळ्या म्हणजे त्या हिशेबाच्या वहीची दोन पानं. आमच्या गावात जनावर आहे, कायदा आहे, शेतकरी आहे. शेतकऱ्याचा हिशेब मात्र कुणी धरत नाही. रान राखायचं तर त्याची किंमत असते. ती एकट्या खाचरवाल्याने का भरावी?

दोन नळ्यांचा काळही आता सरत आला आहे. ओहायोने २०१४ पासून हरणासाठी ठरावीक सरळ काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. नवी पोरं त्याच घेतात. पीळाची नळी दुकानात मागे सरकली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा रेमिंग्टनचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. आजोबा गेला त्यालाही सहा वर्षं झाली. त्याच्या मुलाने नदीकाठची जमीन कसायला दिली आहे. हरणं संध्याकाळी तिथेच उतरतात. मी अजून नोव्हेंबरात पीळाची नळी लावतो, एप्रिलात काढतो, दोन्हींना तेल देतो.

परवा दादाला फोन केला. या पावसाळ्यात वरच्या दोन खाचरांत त्याने भात लावलेलंच नाही. "डुकरांसाठी किती वर्षं पेरायचं?" म्हणाला. तिथे आता गवत वाढलं आहे, आणि गवतात भेकर दिसतं म्हणे, दिवसाढवळ्या.